दोन आणि पाच

शेवटची बाई आत आली तसं बेझालेल वाक्रूळकरनं फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि ती नीट बसली का हे पाहायला दोनदा हिसडा दिला. खरं तर त्याची गरज नव्हती. ते लोखंडी फाटक जरा तिरकं बसलेलं होतं, सोडून दिलं की स्वतःच्याच वजनानं मिटायचं आणि कडी आपोआप खाली पडायची. पण बेझालेलचा स्वतःच्या हातावर जितका विश्वास होता तितका लोखंडावर नव्हता.

त्याचा सदरा पांढरा, पँट पांढरी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. किप्पूरच्या उपासाला कातडं पायात घालायचं नाही, आणि बेझालेलच्या मते फाटकाबाहेर पाऊलही टाकायचं नाही. ओफाकिम गावातल्या बाकीच्या सिनेगॉगांत लोक दिवसभर येत-जात, अंगणात गप्पा छाटत, दुपारी घरी जाऊन आडवे होत. इथं तसलं काही चालत नसे. कोकणात या सणाला दारफाळणी म्हणत. दारं लावून घ्यायची, रात्र पडेपर्यंत बाहेरच्या जगाचं तोंड पाहायचं नाही. आजोबांनी वाक्रूळला पाळलं ते नातवानं ठाण्याच्या पोस्टात असताना पाळलं आणि आता इस्राएलात, निगेव्हच्या वाळूत येऊनही सोडलं नव्हतं. हा सिनेगॉग बेने इस्राएलांचा, आणि त्याच्या फाटकाची जबाबदारी बेझालेलकडे. म्हणजे विषय संपला.

"आमचे मेव्हणे देवाकडेसुद्धा पास मागतील," असं शमशोनमामा दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी स्वतःच हसायचा.

बायकांच्या बाजूला, जाळीच्या पडद्यामागं, बेझालेलची मुलगी हेदवा आईशेजारी बसली होती. तोंड कोरडं पडलं होतं, पण डोकं शांत होतं. गावाबाहेर शेतकऱ्यांचं सामायिक पंपघर होतं, तिथल्या कॉम्प्युटरवर ती कामाला होती. प्लास्टिकच्या कागदाखाली वाढणाऱ्या टोमॅटोच्या रोपांना किती पाणी द्यायचं, त्यात खत-तेजाबाचं मिश्रण किती मिनिटं सोडायचं, हे तो कॉम्प्युटर ठरवायचा. म्हणजे हेदवा ठरवायची आणि तो ऐकायचा. सणाला कुणीच पंपघरात जाणार नव्हतं. म्हणून तिनं आज्ञांची एक फाईल लिहून ठेवली होती. कुणी हात न लावता मशीननं दिवसभराचं सगळं करायचं होतं.

काल उपासाआधीच्या जेवणाला बेझालेलनं त्यावरून तिला टोचलं होतं.

"आपल्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. बैलालासुद्धा सुट्टी. तुझ्या मशीनला नाही वाटतं?"

"मशीन यहुदी नाहीये, बाबा," ती म्हणाली होती. सगळे हसले होते, तोही.

मुसाफची, म्हणजे सणाची जादा प्रार्थना सुरू झाली. म्हणायला उभा होता शमशोनमामा. आवाज गोड, छाती मोठी, आणि नशीब मात्र कायम उसनं आणल्यासारखं. गेल्या हंगामात त्याच्या टोमॅटोवर रोग पडला आणि एकूण एक झाड उपटून जाळावं लागलं. यंदा पुन्हा रोपं लावली होती. "ही खेप गेली तर मी शेतीला राम राम करणार," तो म्हणाला होता, "किर्यात मलाखीला भावाकडे जाऊन पडेन, त्याच्या फॅक्टरीत झाडू मारेन." हे म्हणताना तो हसला नव्हता.

प्रार्थनेत आता जुन्या मंदिरातला प्रमुख याजक येत होता. बोटानं रक्त शिंपडताना तो मोठ्यानं मोजायचा, आणि शमशोनमामा त्याचं मोजणं गात होता, वर्षानुवर्षं गायचा त्याच चालीवर.

"एक. एक आणि एक. एक आणि दोन. एक आणि तीन."

लहानपणी हेदवानं बाबांना विचारलं होतं, एक आणि दोन म्हणजे तीन, मग सरळ तीन का नाही म्हणत? बाबांनी समजावलं होतं: वर शिंपडलेला एक वेगळा, खाली शिंपडलेले वेगळे. शेजारी शेजारी ठेवायचे, बेरीज करायची नाही.

"एक आणि चार. एक आणि पाच."

हेदवाच्या हातातलं पुस्तक खाली आलं. शेजारी शेजारी ठेवायचे. बेरीज करायची नाही.

काल लिहिलेली फाईल तिनं मनातल्या मनात उघडली.

तेजाबाची रोजची मूळ मिनिटं एका फाईलमध्ये असायची: शमशोनमामाच्या शेडला दोन, कुणाला तीन. उन्हाळी झळा सुटल्यामुळं त्यात आज पाच मिनिटं जादा घालायची होती, आणि ती दुसऱ्या फाईलमध्ये लिहिलेली होती. परवा तिनं हिशेब तपासला तेव्हा आकडे स्वतः टाइप करून दिले होते. दोन आणि पाच, सात. चोख. काल दुपारी निघायच्या घाईत तिनं ते टाइप केलेले आकडे काढून त्यांच्या जागी 'फाईलमधून वाच' असं लिहिलं. तिचा साहेब दोव दारात उभा राहून गाडीच्या किल्ल्या वाजवत होता. रस्ते बंद व्हायच्या आत त्याला बेर्शेबाला घरी पोचायचं होतं. तिनं पुन्हा तपासलं नाही.

फाईलमधून वाचलेला आकडा मशीनच्या लेखी आकडा नसतो, नुसतं अक्षर असतं. 'याला अंक समज' असं बजावून सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर मशीन दोन आणि पाच यांची बेरीज करत नाही. दाराला नंबराच्या पट्ट्या ठोकाव्यात तसं दोनाशेजारी पाच ठेवून देतं. पंचवीस. सात मिनिटांचं तेजाब पंचवीस मिनिटं मुळांशी जाणार, आणि कोवळी रोपं उभ्या उभ्या जळणार. तीन वाजता.

हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काय झालं गं?" आई, रुबी, कुजबुजली. "चक्कर येतेय का?"

"कलूम," हेदवा हिब्रूत म्हणाली. काही नाही. आणि मुसाफ संपेपर्यंत ती एका जागी बसून राहिली. पडद्यापलीकडे ज्यांची रोपं होती ते सगळे पुरुष पांढऱ्या शालींत डुलत होते. कुणाला सांगावं? सांगितलं तर तोही अडकला. आज मशीनला हात लावणं म्हणजे सरळ पाप, आणि हा दिवस तर पापांची क्षमा मागायचा. नुसत्या रोपांसाठी किप्पूर मोडता येत नाही. जीव वाचवायचा असेल तरच येतो.

जिवासाठी तो एकदा मोडला होता, याच फाटकात. किप्पूरच्याच दिवशी युद्ध पेटलं त्या वर्षी भर प्रार्थनेत जीप येऊन थांबली, एका सैनिकानं यादीतली नावं वाचली, त्यात हेदवाच्या थोरल्या भावाचं, अमिरामचं नाव होतं. बेझालेलनं स्वतःच्या हातानं कडी काढली होती. अमिराम परत आला, धडधाकट आला, बेर्शेबात संसार थाटला. सुट्टीला घरी येतो, जेवतो, पोरांना खांद्यावर घेतो. पण त्या फाटकातून किप्पूरला तो पुन्हा कधी आत आला नाही. का, हे बापानं विचारलं नाही आणि मुलानं सांगितलं नाही.

मुसाफ संपली तशी लोक भिंतींना टेकले. हेदवा उठून अंगणात आली. बेझालेल फाटकापाशी, लिंबाच्या सावलीत, हातात पुस्तक धरून उभा होता.

"बाबा, कडी काढा."

"संडास मागच्या बाजूला आहे."

"मला बाहेर जायचंय. पंपघरात."

त्यानं पुस्तक मिटलं. बोट मात्र पानात तसंच ठेवलं.

"जिवाचं आहे?"

हो म्हणायचं असं ती आतून ठरवून आली होती. एवढा एक शब्द. पण बाबांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहून तिला खोटं बोलवेना.

"नाही. रोपांचं आहे. शमशोनमामाच्या, बाकीच्यांच्याही. माझी चूक झालीय. दोन आणि पाच सात व्हायला हवेत, ते पंचवीस होणार आहेत."

"दोन आणि पाच पंचवीस?"

"मशीन शेजारी शेजारी ठेवणार. बेरीज नाही करणार."

"मग ते मशीन गाढव आहे."

"मशीन नाही, बाबा. मी."

बेझालेलनं फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझा साहेब आहे ना, त्याला बोलव."

"बेर्शेबाहून? आज रस्त्यावर गाडी नाही. आपल्याकडे फोन नाही. आणि असता तर तुम्ही उचलू दिला असतात?"

"शमशोनला बोललीस?"

"नाही."

"बोलू नको. तोपण निघेल तुझ्यासंगती. एकाचं पाप पुरे."

तिनं कडीकडे पाहिलं. तो कडीपासून बाजूला झाला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"मी काढणार नाही," तो म्हणाला. "एकदा काढली होती." आणि मग, तिच्याकडे न पाहता, "एक ऐकून जा. नेईला सुरू झाली की हे गेट मी उघडत नाही. कुणासाठीच नाही. मग राहा बाहेर."

नेईला म्हणजे दिवसाची शेवटची प्रार्थना. स्वर्गाची दारं मिटत आलेली असतात, तेव्हा म्हणायची.

हेदवानं कडी वर केली. लोखंड उन्हानं तापलं होतं. ती बाहेर पडली आणि पाठीमागं फाटक आपलं आपण मिटलं. कडी पडल्याचा आवाज तिनं ऐकला, पण मागं वळून पाहिलं नाही.

डांबरी रस्त्यावर फक्त पोरं होती. मोटारी नसल्यामुळं साऱ्या गावाच्या सायकली रस्त्यात उतरल्या होत्या. एक पोरगा हात सोडून तिच्या अंगाजवळून गेला आणि ओरडला, "उपास सोपा जावो!" ती कसनुसं हसली. शेवटच्या इमारतींपलीकडे सावली संपत होती. झळा तोंडावर येत होत्या, जीभ टाळूला चिकटत होती. तिला भीती वाटत होती, आणि ती पापाची होती की बाबांची हे तिला नीट ठरवता येत नव्हतं. देव तरी वर्षभराचं एकदम पाहतो. बाबा रोज सकाळी चहाला समोर बसतात.

पंपघराची किल्ली मीटरच्या पेटीत टांगलेली असायची. आत शिरल्याबरोबर तिनं आधी तेजाबाच्या टाकीकडे धाव घेतली. टाकीचा नळ हातानं बंद केला की प्रश्न मिटला असता, मशीनला बोटही लावावं लागलं नसतं. पण टाकी जाळीच्या खोलीत होती, जाळीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली दोवच्या त्या वाजणाऱ्या जुडग्यात, बेर्शेबात. मुख्य बटण बंद करावं तर पाणीही बंद पडणार आणि या उन्हात संध्याकाळपर्यंत रोपांचा पालापाचोळा होणार. म्हणजे पडद्यासमोर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती बसली. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. आज जी कामं करू नयेत त्यांत लिहिणं येतं. काचेवर उमटणारं अक्षर हे लिहिणं की नाही, यावर विद्वान लोक वर्षभर वाद घालू शकले असते. हेदवाला काडीची शंका नव्हती.

तिनं पहिलं बटण दाबलं.

आधी मशीनला विचारलं, शमशोनच्या शेडचं उत्तर काय येतं ते दाखव. पडद्यावर उमटलं: २५. तिला उगाच आशा होती की आपण चुकीचं घाबरलो असू. ती आशाही गेली. मग तिनं फाईल उघडली, ओळीवर गेली, मूळ मिनिटांना 'अंक समज' म्हणून सांगितलं, जादा मिनिटांनाही सांगितलं. दोनदा चुकीचं अक्षर पडलं. पुन्हा विचारलं.

७.

एवढ्यानं निघता आलं असतं. पण एकदा न तपासता निघून गेल्याचं फळ ती भोगत होती. ती थांबली. तीन वाजता भिंतीमागं पंपाचा आवाज बदलला, जाडसर झाला, पहिल्या शेडची झडप खटकन उघडली. हेदवा घड्याळाकडे पाहत राहिली. पाच मिनिटं. सहा. सातव्या मिनिटाला झडप मिटली नाही असं तिला वाटलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. मग खटका वाजला. पुन्हा नुसतं पाणी. तिनं कपाळ टेबलावर टेकवलं.

शेडमागून शेड, आळीपाळीनं, सगळ्यांचं होईपर्यंत ती बसली. कोपऱ्यात हात धुवायचा नळ होता, तो गळत होता. थेंब पत्र्याच्या भांड्यात पडत होते. पाप तर झालंच होतं. घोटभर पाण्यानं त्यात काय भर पडणार होती? बुडत्याचा पाय खोलात. ती उठली, नळापाशी गेली, आणि नळ घट्ट पिळून परत येऊन बसली.

परतताना सावल्या लांब झाल्या होत्या. पोरांच्या सायकली कमी झाल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशीच तिला सूर ऐकू आला. नेईला सुरू झालेली होती. शमशोनमामाचा आवाज आता घोगरा झाला होता, तरी त्याच्या मागं सगळा सिनेगॉग एका दमात म्हणत होता, दार उघड आम्हाला, दार मिटायच्या वेळेला. तिचे पाय मंदावले. भिंतीला टेकून बाहेरच बसायचं, उपास सुटल्याचं शिंग वाजलं की आईबरोबर घरी जायचं, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं. बाबा एकदा बोलले की बोलले.

ती फाटकाशी आली तेव्हा फाटक पुरतं मिटलेलं नव्हतं. वीतभर फट होती. तिला वाटलं कडी अडकली असेल. मग तिनं खाली पाहिलं.

फाटक आणि खांब यांच्या मधे एक पांढरा कॅनव्हासचा बूट आडवा घातलेला होता. डाव्या पायाचा. लोखंडाच्या भारानं तो मधोमध चेपला होता.

हेदवाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती अंग चोरून आत शिरली आणि बूट काढून घ्यायला खाली वाकली. तेवढ्यात तिला जाणवलं की कुणी तरी पाहतंय. सिनेगॉगच्या दारात, शेवटच्या रांगेच्याही मागं, बेझालेल डोक्यावरून शाल घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली. राहू दे. आणि पुन्हा पुस्तकात तोंड घातलं.

ती पडद्यामागं जाऊन आईशेजारी बसली. आईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. जाळीतून तिला बाबांचे पाय दिसत होते. उजव्यात बूट, डावा नुसत्या मोज्यात, गार फरशीवर.

शिंग वाजलं, लांब, एका श्वासात. अंगणात एकच गलका उडाला. लोक एकमेकांच्या हातांना हात लावून बोटं ओठांशी नेत होते, म्हातारे पोरांच्या डोक्यावर हात ठेवत होते. शमशोनमामानं हेदवाला पाहिलं आणि घसा बसलेल्या आवाजात म्हणाला, "काय गं, दुपारी दिसली नाहीस? झोपलीस की काय?"

"झोपली असेल," बेझालेल मधेच म्हणाला. "पोरीला उपास झेपत नाही हल्ली."

रुबीनं कालच करून झाकून ठेवलेलं काळ्या मनुकांचं सरबत ग्लासांत ओतलं. पहिला ग्लास नेहमी बेझालेलचा असायचा. त्यानं तो घेतला, आणि हेदवाला लिंबापाशी बाजूला घेऊन उभा राहिला.

"तिथं पाणी प्यालीस?"

"नाही."

"नळ असेल ना तिथं."

"आहे."

त्यानं ग्लास तिच्या हातात दिला. ती घटाघटा प्याली. तो तिचं पिणं होईपर्यंत थांबला.

"दोन आणि पाच?" त्यानं विचारलं.

"सात, बाबा."

"हं." त्यानं रिकामा ग्लास परत घेतला. "पाप ते पापच. मी काय बरं केलंस असं म्हणणार नाही."

"बेसेदेर," ती म्हणाली. चालेल.

लोक पांगायला लागले होते. कुणी तरी फाटक सताड उघडलं, माणसं बाहेर पडली आणि फाटक पुन्हा आपल्या वजनानं परत आलं, पण मिटलं नाही. बेझालेल लंगडल्यासारखा चालत तिथवर गेला. बूट घ्यायला तो वाकला आणि वाकल्या वाकल्याच थांबला. मोठ्या रस्त्यावर पहिले दिवे लागले होते. आता अमिरामच्या बेर्शेबाहून बसही सुटतील. तो सरळ झाला, त्या रस्त्याकडे थोडा वेळ पाहत राहिला, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, तसाच परत आला.

फाटकातला बूट त्यानं काढला नाही.